द्राक्षबागेतला पीएच-ईसी मीटर कॅलिब्रेट कसा करायचा

ऑक्टोबर छाटणीनंतरचा जीएचा (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संजीवक) पहिला हात होता. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सायट्रिक अ‍ॅसिड थोडं थोडं टाकत, काठीने ढवळत मीटरवरचा पीएच (पाण्याची आम्लता सांगणारा आकडा, ७ च्या खाली आंबट) ५.५ वर आणला आणि फवारणी केली. त्याच्या चार दिवस आधी कॉपरचं औषध मारलेलं होतं. तिसऱ्या दिवशी कोवळ्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या. जीएचं प्रमाण जास्त झालं का, ब्लोअरचे नोझल झिजले का, सगळं तपासून झालं. शेवटी पिंपळगावच्या मित्राकडून बफरच्या, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणाच्या, सीलबंद बाटल्या आणल्या आणि मीटर त्यात बुडवला. ७ च्या द्रावणात आकडा बरोबर ७.० आला. ४.०१ च्या द्रावणात मात्र ४.९ आला.

म्हणजे मी जे पाणी ५.५ समजत होतो तेही प्रत्यक्षात ४.९ च्या आसपास होतं (हिशोब पुढे आहे). पानावर बसलेलं तांबं आम्लात जास्त विरघळतं आणि कोवळ्या पानाला चटका देतं. मीटर मी दर पंधरवड्याला ‘कॅलिब्रेट’ करत होतो, पण फक्त ७ वर. हा लेख त्याच चुकीपायी लिहितो आहे. नाशिककडच्या दिंडोरी, निफाड, चांदवड या पट्ट्यात आता जवळपास प्रत्येक बागेत पेनसारखा पीएच मीटर असतो, आणि त्यातले बरेचसे असेच एकाच बिंदूवर जुळवलेले असतात.

७ वर बरोबर म्हणजे सगळीकडे बरोबर नाही

मीटरच्या टोकाला जो काचेचा बारीक फुगा असतो, तो पाण्यातल्या आम्लतेप्रमाणे अगदी कमी व्होल्टेज तयार करतो. पीएच ७ ला हे व्होल्टेज शून्याच्या जवळ असतं. ७ पासून एक अंक खाली किंवा वर गेलं की २५ अंश तापमानाला ते सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतं. याला स्लोप म्हणतात. काच जुनी झाली, सुकली किंवा तिच्यावर थर बसला की ५९ ऐवजी ५०, ४५, ४० असं कमी व्होल्टेज मिळायला लागतं. ७ ला मात्र ते शून्यच राहतं, म्हणून तिथे चूक दिसत नाही. ७ पासून जितकं लांब जाल तितकी चूक वाढते.

माझ्या मीटरचा स्लोप ७० टक्क्यांवर आला होता. पाणी ७ पेक्षा दीड अंक आंबट झाल्यासारखं मीटर दाखवत होता, पण खरा फरक दीड भागिले ०.७, म्हणजे २.१४ अंकांचा होता. ७ मधून तो वजा केला की ४.८६ उरतात. मेलेला इलेक्ट्रोड (मीटरचं हे काचेचं टोक) आम्ल नेहमी कमी दाखवतो, आणि आपण अ‍ॅसिड टाकत जातो.

आपल्या कामात मोजायच्या गोष्टी ७ च्या दोन्ही बाजूंना आहेत. जीएचं पाणी साडेपाच-सहाच्या आसपास ठेवतो, कारण क्षारयुक्त पाण्यात जीएचं काम नीट होत नाही. कॅप्टानसारखं बुरशीनाशक पीएच ५ च्या पाण्यात तासन्‌तास टिकतं, तर ८ च्या पाण्यात काही मिनिटांत अर्धं विघटित होतं. उलट बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) ७ च्या खाली असून चालत नाही. तिथे चुना पुरेसा पडला की नाही हे बघायचं असतं. म्हणून द्राक्षवाल्याला तीन बिंदू लागतात: ७, ४ आणि १०. बोर्डो करत नसाल तर ७ आणि ४ वर भागतं.

सामान आणि ६.८६ ची अडचण

बफर द्रावण दोन प्रकारे मिळतं. एक तयार बाटलीत: ४.०१, ७.०० आणि १०.०१. दुसरं मीटरच्या डबीतच येणाऱ्या छोट्या पुड्यांमध्ये. त्या पुड्यांवर बहुधा ४.०० किंवा ४.०१, ६.८६ आणि ९.१८ असं लिहिलेलं असतं. दोन्ही मालिका खऱ्या आहेत. अडचण होते ती मिसळल्यावर.

बटण दाबल्यावर मीटर समोरचं द्रावण स्वतः ओळखतो. जो मीटर ७.०१ शोधतो, त्याला ६.८६ चं द्रावण दिलं तर तो ते ७.०१ च समजतो आणि तसं पक्कं करून टाकतो. त्यानंतरचं मोजमाप ०.१५ ने जास्त येतं. मीटर कुठेही चूक दाखवत नाही, उलट ‘ओके’ दाखवतो. म्हणून पहिलं काम हे: मीटरच्या माहितीपत्रकात तो कोणती मालिका ओळखतो ते वाचा आणि मीटरच्या पाठीमागे पट्टी चिकटवून त्यावर लिहून ठेवा. काही मीटरमध्ये ही मालिका बदलता येते. बदलता येत असेल तर जे बफर तुमच्याकडे नेहमी मिळतं त्यावर ठेवा.

पुडी विरघळवायची तर ती जितक्या पाण्यासाठी आहे, बहुतेक वेळा २५० मिली, तितकंच डिस्टिल्ड वॉटर मोजून घ्या. पुडीच्या कोपऱ्यात पावडर राहिली तर तीही धुवून त्यातच टाका. विहिरीचं पाणी, आरओचं पाणी, उकळून गार केलेलं पाणी यातलं काहीही चालणार नाही. गॅरेजवर बॅटरीसाठी मिळणारं पाणी धुण्यासाठी वापरता येतं, पण आधी ईसी (पाण्यातल्या क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता) मीटरने तपासा. आकडा जवळपास शून्य आला पाहिजे. पन्नास-साठ दाखवत असेल तर ते नावालाच डिस्टिल्ड आहे. तयार बफर नाशिक शहरात शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य देणाऱ्या दुकानांत मिळतं.

उघडलेली ४ आणि ७ ची बाटली झाकण घट्ट असेल तर काही महिने चालते. १० ची लवकर उतरते, कारण ती हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि तिचा पीएच खाली येतो. ती बाटली महिनाभराची समजा. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. पेल्यात ओतलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका. कितीही स्वच्छ दिसलं तरी नाही.

आधी इलेक्ट्रोड बघा

टोपण काढा आणि उजेडात धरा. टोपणाच्या कडेला पांढरे खडे जमले असतील तर घाबरू नका. आतलं पोटॅशियम क्लोराइड सुकून तसं होतं, पाण्याने धुतलं की जातं. काचेच्या फुग्याला तडा गेला असेल तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही. फुग्यात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर झटकतो तसा हलकेच झटका.

टोपणाच्या आतला स्पंज कोरडा असेल, तर मीटर किती दिवस तसा पडला होता ते आठवा. सुकलेला इलेक्ट्रोड स्टोरेज सोल्युशनमध्ये (इलेक्ट्रोड ओला ठेवायचं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण) निदान काही तास, जमलं तर रात्रभर बुडवून ठेवा. लगेच कॅलिब्रेट करायला गेलात तर आकडा स्थिर होत नाही, आणि झाला तरी दुपारी पुन्हा हलतो.

बोर्डोत वापरलेल्या मीटरवर निळसर-पांढरा थर बसतो. त्यासाठी स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर पुरतं. दहा-पंधरा मिनिटं टोक बुडवून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. तेलकट औषधाचा थर असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून त्यात हलवा. काच ब्रशने घासू नका, शर्टाच्या टोकाने पुसू नका. मऊ टिश्यू नुसता टेकवून पाणी टिपून घ्या. स्वच्छ केल्यावर पुन्हा तासभर स्टोरेज सोल्युशनमध्ये ठेवून मगच कॅलिब्रेशनला घ्या.

पीएच कॅलिब्रेशन

हे काम शेडमध्ये सावलीत, टेबलावर करा. बाटल्या आणि मीटर अर्धा तास शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान एक होईल. गाडीच्या डिकीतून काढलेली गरम बाटली आणि घरातला गार मीटर यांचं जुळत नाही.

प्रत्येक बफरसाठी दोन छोटे पेले घ्या, एक विसळायला आणि एक मोजायला. दोन्हींत तीस-चाळीस मिली द्रावण पुरतं. हे वायफळ वाटेल, पण एकाच पेल्यात विसळून मोजलं तर आधीच्या द्रावणाचे थेंब मोजमापात येतात.

सुरुवात नेहमी ७ ने. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्याने धुवा, टिपून घ्या, विसळायच्या पेल्यात बुडवून हलवा, मग मोजायच्या पेल्यात ठेवा. काचेचा फुगा आणि त्याच्या शेजारचा छोटा पांढरा ठिपका, दोन्ही बुडायला हवेत. तो ठिपका म्हणजे आतल्या द्रावणाला बाहेर झिरपायची वाट. तो हवेत राहिला तर आकडा भरकटतो. हलकेच दोन-तीन वेळा ढवळा आणि स्थिर धरा. एक ते दोन मिनिटं वाट बघा. स्क्रीनवरचं चिन्ह लुकलुकायचं थांबलं तरी आणखी वीस सेकंद थांबा. मग बटण दाबून पक्कं करा.

त्यानंतर ४. तसंच धुणं, टिपणं, विसळणं, मोजणं. बोर्डोसाठी मीटर लागणार असेल तर शेवटी १०, आणि १० चं द्रावण त्याच वेळी ताजं ओतून घ्या. आधीपासून उघडं ठेवू नका.

सगळं झाल्यावर ७ चं द्रावण नव्या पेल्यात घेऊन परत एकदा मोजा. ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर कॅलिब्रेशन झालेलं नाही असं समजून पुन्हा पहिल्यापासून करा.

जुन्या पेनांमध्ये बटण नसतं, पाठीमागे बारीक स्क्रू असतो. तो फक्त एक बिंदू जुळवतो. तसा मीटर ७ वर जुळवून ४ मध्ये तपासता येतो, पण ४ ला चुकला तर दुरुस्त करता येत नाही. काही पेनांना दोन स्क्रू असतात, त्यातला दुसरा स्लोपचा. एकाच स्क्रूचा पेन असेल तर तो बोर्डोसाठी राखा, कारण तिथे ७ च्या खाली नाही ना एवढं बघितलं तरी भागतं, आणि जीएसाठी दोन बिंदूंचा घ्या. मी तसंच केलं आहे.

थंडीतला बफर

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक अंकी आकड्यावर येतो आणि पहाटे फवारणीची तयारी असते. बाटलीवर लिहिलेला आकडा २५ अंशाचा आहे. १० अंशाला ७.०० चं द्रावण ७.०६ होतं आणि १०.०१ चं १०.१८. ९.१८ चं ९.३३ होतं. ४ चं मात्र जवळपास तिथेच राहतं.

‘माझ्या मीटरला ऑटोमॅटिक टेम्परेचर आहे’ असं म्हणून हा मुद्दा सोडून दिला जातो. ती सोय काचेच्या व्होल्टेजचा तापमानाने होणारा बदल दुरुस्त करते. द्रावणाचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो, ती गोष्ट वेगळी. चांगल्या मीटरच्या आत बफरचा तक्ता भरलेला असतो, तो हा फरक धरून चालतो. स्क्रूच्या पेनमध्ये तसं काही नसतं. तिथे बाटलीच्या पाठीमागचा तापमानाचा तक्ता बघून त्या दिवशीच्या आकड्यावर जुळवायचं. सगळ्यात सोपं म्हणजे आदल्या दुपारी ऊन असताना कॅलिब्रेट करायचं.

इलेक्ट्रोड जिवंत आहे का

मीटर मिलिव्होल्ट दाखवत असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. ७ च्या द्रावणात आकडा उणे ३० ते अधिक ३० मध्ये असावा. मग ४.०१ मधला आकडा घ्या. २५ अंशाला दोन्हींत १७७ चा फरक आला तर स्लोप शंभर टक्के. समजा ७ ला उणे ८ आणि ४ ला १६० आले, तर फरक १६८, म्हणजे ९५ टक्के. हा चांगला इलेक्ट्रोड. ८५ टक्क्यांच्या खाली गेला की स्वच्छ करून पुन्हा बघा. तरीही तेवढाच आला तर बदला.

मिलिव्होल्ट दिसत नसतील तर दुसरी युक्ती आहे. आधी मीटर फॅक्टरी सेटिंगवर आणा, कारण जुनं कॅलिब्रेशन आत असेल तर ते चूक झाकतं. मग फक्त ७ वर पक्कं करा आणि ४.०१ चं द्रावण नुसतं मोजा, पक्कं करू नका. ४.१ किंवा ४.२ आला तर ठीक. ४.४५ आला म्हणजे स्लोप ८५ टक्के, इलेक्ट्रोड शेवटाकडे आला. माझा ४.९ होता.

साधारण एक ते दोन वर्षांत इलेक्ट्रोड उतरतो, वापरला तरी आणि न वापरता ठेवला तरी. इलेक्ट्रोड वेगळा बदलता येणारा मीटर घेतला तर दर वेळी पूर्ण मीटर घ्यावा लागत नाही.

ईसी

इथे काम सोपं आहे, घोळ नावांचा आहे. ईसी मीटरसाठी १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण मिळतं. ते शुद्ध पोटॅशियम क्लोराइडचं असतं. बागेत ठिबकला सोडतो ते पोटॅश पाण्यात टाकून प्रमाण द्रावण बनवायचा मोह करू नका, त्यात बाकीचे क्षार असतात.

प्रोब डिस्टिल्ड पाण्याने धुवून कोरडा करा. हवेत धरल्यावर शून्य दिसायला हवं. मग १४१३ च्या द्रावणाने दोनदा विसळा आणि तिसऱ्या पेल्यात बुडवा. पेल्याच्या काठावर हलकेच टिचकी मारून इलेक्ट्रोडमधले बुडबुडे काढून टाका. बुडबुडा राहिला की आकडा कमी येतो. स्थिर झाल्यावर १४१३ वर पक्कं करा. तापमानाची दुरुस्ती नसलेला मीटर असेल तर दर अंशाला सुमारे दोन टक्के फरक पडतो, म्हणून द्रावण २५ अंशाच्या जवळ असेल तेव्हाच जुळवा.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) हा मोजलेला आकडा नसतो. मीटर ईसी मोजतो आणि एका गुणकाने गुणून टीडीएस दाखवतो. कुठल्या पेनमध्ये गुणक ०.५ असतो, कुठे ०.६४, कुठे ०.७. एकाच विहिरीचं १००० ईसीचं पाणी एका पेनमध्ये ५००, दुसऱ्यात ६४०, तिसऱ्यात ७०० दिसतं आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत मीटर खोटा कोणाचा यावर वाद होतो. पाणी परीक्षणाच्या अहवालाशी तुलना करायची तर ईसीवर ठेवून करा. द्राक्षाला पाण्याची ईसी १ डेसीसीमेन्स प्रति मीटर, म्हणजे १००० मायक्रोसीमेन्सच्या वर गेली की उत्पादनावर ताण यायला लागतो, असा सर्वमान्य निकष आहे. तुमची बोअर ९०० आहे की ११०० हे कळायलाच नीट जुळवलेला मीटर लागतो.

दोन्ही मोजायचं असेल तर आधी ईसी मोजा, मग पीएच. पीएच इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड सतत थोडंथोडं झिरपतं. लहान पेल्यात तो आधी बुडवून ठेवला तर पाण्याची ईसी फुगते.

बागेत मोजताना

बोअरचं पाणी मोटर चालू करून लगेच मोजलं तर पीएच कमी दिसतो, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तेच पाणी हौदात रात्रभर राहिलं की तो वायू निघून जातो आणि पीएच वर चढतो. म्हणून ज्या ड्रममध्ये औषध कालवणार, त्याच ड्रममधलं पाणी त्याच वेळी मोजा. अ‍ॅसिड टाकल्यावर नीट ढवळा, दोन मिनिटं थांबा आणि परत बघा. कालव्याच्या पाण्यात क्षार कमी असतात, तिथे आकडा स्थिरावायला जास्त वेळ लागतो. घाई करू नका.

बोर्डोचा पीएच बघायचा तर मीटर थेट ड्रममध्ये धरू नका. कपभर मिश्रण काढून घ्या, मोजा आणि इलेक्ट्रोड लगेच धुवा. आपल्याकडची लोखंडी विळा बुडवून बघायची जुनी पद्धतही सोबत ठेवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, मग मीटर काहीही म्हणो.

जीएच्या प्रत्येक हाताच्या आदल्या दिवशी ७ आणि ४ वर कॅलिब्रेशन करतो. एरवी आठवड्याला एकदा ७ मध्ये नुसतं तपासतो, आणि ईसी महिन्यातून एकदा. फवारणीच्या वहीतच एक पान मीटरसाठी ठेवलं आहे: तारीख, तापमान, ७ ला किती आलं, ४ ला किती आलं. मागच्या तीन नोंदी शेजारी शेजारी दिसल्या की स्लोप उतरत चालल्याचं बाग करपायच्या आधी कळतं.

ठेवताना

पीएच इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात कधीच ठेवू नका. आतले क्षार बाहेर ओढले जातात आणि तो लवकर मरतो. टोपणातल्या स्पंजवर स्टोरेज सोल्युशनचे सात-आठ थेंब टाका. ते नसेल तर प्रयोगशाळेतलं शुद्ध पोटॅशियम क्लोराइड २२.४ ग्रॅम घेऊन १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. तेही नसेल तर ४ चं बफर तात्पुरतं चालतं. ईसीचा प्रोब मात्र धुवून कोरडाच ठेवा.

मीटर औषधांच्या खोलीत ठेवू नका, आणि खरड छाटणीनंतरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर नाहीच. माझा तिथेच सुकला होता. आता तो घरात, फळीवर उभा असतो, आणि दर रविवारी टोपण उघडून स्पंज ओला आहे का ते बघतो.